सहाशे वीस पावलांची वरात

१६ मार्च, रविवार. सकाळी साडेसहा.
धाकटी नात वैभवी, तिच्या लग्नाची तारीख निघाली. २० एप्रिल. मुहूर्त अकरा पस्तीस. मुलगा हरीओम, मानोऱ्याकडचा. चांगला आहे, हळू बोलतो. बोलण्यांत डीजेचे काम आपल्याकडे आले. तेव्हापासून जिवाला घोर.
कारण शुभांगी. मोठ्या नातीचे लग्न दोन वर्षांपूर्वी झाले. मुहूर्त अकरा चाळीसचा. लग्न लागले सव्वातीनला. नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत यायला साडेतीन तास. पोरे डीजेपुढे नाचत होती आणि पाहुणे जेवून बस पकडायला गेले. अक्षता टाकायला किती माणसे होती ते मी मोजले होते. चौदा. त्यात दोन आचारी.
काल मेथीच्या जुड्या बांधताना वैभवी म्हणाली, "आबा, मले दागिने नको, काही नको. माह्या डोक्यावर अक्षता पडतीन तवा आपले लोक समोर पाह्यजेत." पोरीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितले.
निश्चय: लग्न अकरा पस्तीसला लागेल. अकरा छत्तीसला नाही.

१७ मार्च, सोमवार.
दिनेशला सांगितले, वरातीची जबाबदारी माझी. मुलगा वांग्याला पाणी देत होता. म्हणाला, "बाबा, तुमी खुर्चीवर बसजा. फेटा बांधजा. तेवढं लय झालं."
बायको, कस्तुराबाई, चुलीजवळून म्हणाली, "शुभांगीच्या लग्नात यायले चपला सांभाळाचं काम देलं होतं. यायचीच चप्पल गेली."
ती चप्पल जुनी होती. मुद्दा तो नाही.
शेवटी दिनेश म्हणाला, बरं, पाहा तुमी. म्हणजे अधिकार मिळाला.

१९ मार्च, बुधवार.
मारुतीपासून मंडपाच्या जागेपर्यंत चालत गेलो. सहाशे वीस पावले. साडेआठ मिनिटे. त्यात रंगरावाने हाक मारली म्हणून अर्धे मिनिट वाया.
साडेआठ मिनिटांच्या रस्त्याला साडेतीन तास! यात शास्त्र नाही म्हणूनच असे होते. मी सातवीपर्यंत शिकलो. पण ती त्या काळची सातवी.

२१ मार्च, शुक्रवार. दुपार.
अभ्यासासाठी रिसोडला एका लग्नात गेलो. ओळख नव्हती. जेवण चांगले होते.
निरीक्षण: डीजेवर जोरात पळणारे गाणे लागले की माणसे पुढे जात नाहीत. वर जातात. उड्या मारतात आणि त्याच जागी उतरतात. एका विजेच्या खांबापाशी उभा राहून मोजले. चाळीस मिनिटांत वरात अकरा पावले सरकली. नवरदेव घोड्यावर पेंगत होता.
हळू गाणे लागले तेव्हा काय होते ते पाहायचे होते. हळू गाणे लागलेच नाही.
घरी सांगितले. कस्तुराबाई म्हणे, "बिनबुलावता जेवून आले अन् वरतून पावलं मोजली?"

२३ मार्च, रविवार.
अनसिंगला जाऊन आलो. एसटीने, वाशीमला बदलून. डीजेवाला अश्वजित तिथला. बत्तीस-तेहतीसचा असेल. डोक्याने शांत. पुण्यात एका नाइटक्लबात दोन वर्षे डीजे वाजवला. आई आजारी पडली म्हणून परत आला आणि स्वतःचे साउंड घेतले. अंगणात त्याचा टेम्पो उभा होता, निळा, त्यावर भिंतीएवढे भोंगे.
मी सरळ विचारले, वरात वेळेवर पोचवायची तर काय करावे लागते?
त्याने चहा सांगितला. मग म्हणाला, "बाबा, सगळा खेळ टेम्पोचा हाय. गाणं कोणतं बी राहू द्या. टेम्पो बरोबर असला त पब्लिक तुमचं."
मला हे पटले. गाडीच नीट नसेल तर काय होणार?
पुढे म्हणाला, "सुरुवातीलेच टेम्पो एकशे तीसवर नेला त पब्लिक दहा मिंटात थकते. नव्वदपासून उचलाचा. शंभर. एकशे दहा. मंग एकशे अठ्ठावीस. मंग हळूच उतरवाचा, लोकायले श्वास घेऊ द्याचा."
मी म्हटले, एकशे अठ्ठावीस जास्त होत नाही का? तो हसला. म्हणे, पुण्यात रोज तेवढाच ठेवायचो.
पुण्याचे रस्ते असतील तसे. पण तो म्हणाला, क्लब बंद हॉलमध्ये होता, एसी लावलेला. आत गाडी कशी नेत असतील हे विचारायचे राहिले.
तो म्हणाला, क्लबात पब्लिक जागचे जाऊ द्यायचे नसते, तिथे तीच कमाल. मी म्हटले, आपल्याला पब्लिक हलवायचे आहे. तो म्हणाला, "हलवतो ना बाबा. तुमी फक्त इशारा करा."
माणूस जाणता आहे. तासभर बसलो, गाण्याविषयी एक शब्द बोलला नाही. सगळा वेळ गाडीविषयीच.

२४ मार्च, सोमवार.
रात्रभर विचार. एकशे अठ्ठावीसने टेम्पो सहाशे वीस पावले किती वेळात जाईल याचे गणित केले. वीस सेकंद सुद्धा लागत नाहीत. नवरदेवाची घोडी मागे राहील. नकोच.
ठरवले: टेम्पो माणसाच्या चालीने. तासाला पाच किलोमीटर. अश्वजितला फोन केला की टेम्पो पाचवर ठेव. तो दोनदा हॅलो हॅलो म्हणाला. मग म्हणे, "बाबा, पाच म्हणजे बंदच झाला ना."
मी म्हटले, बरं, तू म्हणशील तेवढा. पण इशारा माझा.
"इशारा तुमचाच," म्हणाला.

३० मार्च, रविवार. पाडवा.
पारावर रंगराव भेटला. शेजारी. सातवीत आम्ही लेझीम पथकात एकाच ओळीत होतो, तेव्हाही तो अर्धा ठेका मागे असायचा. त्याला सांगितले, आमच्याकडे अकरा पस्तीस म्हणजे अकरा पस्तीस.
म्हणे, "तुह्या घड्याळात का माह्या, इंद्रभान?" चार जण हसले.
मी म्हटले, सगळा खेळ टेम्पोचा असतो, तुला नाही समजणार.
रंगराव म्हणे, "टेम्पोचा? मंग ट्रॅक्टर सांग ना, सस्तात पडन."
अडाण्याशी काय बोलायचे? पण मनात आले, ट्रॅक्टर खरेच हळू चालतो. अश्वजितला विचारावे का? नको.

२ एप्रिल, बुधवार.
तालीम घेतली. रंगरावाची बैलगाडी मागून आणली (तालमीसाठी असे सांगितले नाही, कडब्यासाठी सांगितले). गाडी म्हणजे टेम्पो. मागे कस्तुराबाई, नवरदेव म्हणून. ती छत्री धरून चालली कारण ऊन. मी पुढे हात दाखवत.
नऊ मिनिटे चाळीस सेकंद! बैल शाळेच्या वळणावर थांबला, तो वेळ धरून.
कस्तुराबाई म्हणाली, "पण नाचणारे कुठी आहेत?"
मी म्हटले, माणसे काय, चालतातच.
"मंग शुभांगीच्या टाइमले काहून नाही चालले?"
तिला शास्त्र सांगण्यात अर्थ नाही. घरी येऊन ताक प्यायलो. जीव घाबरा झाला होता, पण तो उन्हाने.

४ एप्रिल, शुक्रवार.
टाइमटेबल तयार. वैभवीने मोठ्या अक्षरात लिहून दिले.
१०.३० मारुतीपासून प्रस्थान.
१०.३६ शाळेचे वळण.
१०.४२ रंगरावाचे फाटक.
१०.५० मंडप.
म्हणजे पंचेचाळीस मिनिटे शिल्लक. पाहुण्यांनी पाणी प्यावे, गप्पा कराव्या.
लिहिताना पोर हसत होती. सगळ्या मैत्रिणींना फोनवर सांगते आहे, "येळेवर या, डीजेवर आमचे आबा आहेत." एका मैत्रिणीने विचारले म्हणे, आबा कोणते गाणे वाजवतात?
मग फोन ठेवून मला म्हणाली, "आबा, खरंच होईन ना?"
मी म्हटले, लिहून घे. ती म्हणाली, लिहिलंच ना आता. मग दोघेही हसलो.
झोप लागली नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.
हरीओमकडे द्यायची लग्नपत्रिका घेऊन दिनेश आणि मी मानोऱ्याकडे निघालो. पोहरादेवीला जत्रा. रस्त्यावर माणूसच माणूस. नगारा वाजत होता. संथ ठेका. आणि लोक चालत होते. हजारो. नाचतही होते, पुढेही जात होते. म्हातारी बाई सुद्धा एकेक पाऊल ठेक्यावर टाकत पुढे जात होती. मी नकळत अर्धा किलोमीटर त्यांच्याबरोबर गेलो.
तिथे एकही टेम्पो नव्हता, तरी गर्दी सरकत होती. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पण ऊन फार होते.
दिनेश हरवला. दोन तासांनी रसवंतीजवळ सापडला. उलट मलाच बोलला.

१० एप्रिल, गुरुवार.
टेम्पोच्या काळजीने अनसिंगला पुन्हा गेलो. टायर पाहिले. मागचा डावा गुळगुळीत. ब्रेक दाबून पाहिला. ड्रायव्हरला विचारले, दारू पितो का? त्याला राग आला. अश्वजितने समजूत घातली.
मग मी अश्वजितला गंभीरपणे विचारले, टेम्पो ऐन गर्दीत बंद पडला तर?
तो एकदम खूश झाला. म्हणे, "बाबा, तुमाले पॉइंट समजला. टेम्पो तुटला की पब्लिक तुटते. म्हणून मी एका गाण्यातून दुसऱ्यात जातो तवा टेम्पो जरा बी तुटू देत नाही. पुण्यात मालक म्हणे, तुह्यासारखा हात कोणाचा नाही."
मी म्हटले, टेम्पोची देखभाल महत्त्वाची.
तो म्हणाला, "लोकायले टेम्पो समजतच नाही. पोट्टे म्हणतात फक्त फास्ट लावा. तुमी पह्यले म्हातारे आहात ज्यायले टेम्पोची जाण आहे."
येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. बऱ्याच वर्षांनी बरे वाटले.

१५ एप्रिल, मंगळवार.
काळज्या: १. घोडी लंगडते का? २. टायर. ३. रंगरावाच्या फाटकाजवळ केबलची तार खाली आली आहे. टेम्पोवरच्या भोंग्यांना अडकेल. ४. माझा आवाज बसला आहे.
तारेचे रंगरावाला सांगितले. म्हणे, "तार माही नाही. गावाची हाय." आणि, "लग्न तीनच्या आत लागलं त मी मिशी काढतो."
प्लॅन: तारेपाशी मी स्वतः टेम्पोच्या पुढे उभा राहीन, टेम्पो हळू करायला सांगेन, काठीने तार उचलेन, गाडी काढेन. वेळ दीड मिनिट. टाइमटेबलात धरले.

१९ एप्रिल, शनिवार.
हळद झाली. सगळे म्हणतात, आबा, आज तरी बसा. मी बसलो नाही. मारुतीपर्यंत आणखी दोनदा चालून आलो. सहाशे वीसच भरतात. एकदा सहाशे अठ्ठावीस भरली, तेव्हा मी कुत्र्याला वळसा घातला होता.
वैभवी हळदीच्या साडीत माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "उद्या तुमी पुढच्या रांगेत उभे राहजा आबा. मी वर पाह्यलं की दिसले पाह्यजे." मी म्हटले, अग, मी पुढेच. अकरालाच येऊन उभा राहतो.

२० एप्रिल, रविवार. पहाटे ५.१०.
उठलो. फेटा बांधून घेतला. कस्तुराबाई म्हणे आत्तापासून कायले? तयारी असावी.

सकाळी १०.०५.
टेम्पो मारुतीपाशी हजर. टायर बदललेला! माझे ऐकले. अश्वजितने गळ्यात पट्टा घातला आहे, कानावर ते मोठे झाकण. मला हात केला. हरीओम घोडीवर. घोडी लंगडत नाही.

१०.३४.
चार मिनिटे उशिरा प्रस्थान. किरकोळ. भरून काढू. टेम्पोची चाल उत्तम.

१०.५३.
शाळेचे वळण. हरीओमचे मित्र फारच उड्या मारतात. जागेवरच. मी सांगितले, पोरांनो, पुढे उड्या मारा. एक जण म्हणाला, "आजोबा, गाणंच जागेवरचं हाय." ऊन बेचाळीस असावे. फेटा घट्ट बांधला गेला आहे.

११.०४.
रंगरावाचे फाटक शंभर पावलांवर. फाटकापासून मंडप दोनशे दहा. अजून होते! पोरांची हवा कमी झाली आहे, ती पाणी शोधताहेत. मंडपातून लोक वाट पाहताना दिसतात. वैभवीची मैत्रीण धावत येऊन विचारून गेली. सांगितले, दहा मिनिटे. काठी घेतली. तारेकडे जातो.

२१ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ.
कालचे पुढचे लिहायचे राहिले. मोकळा नव्हतो. नीट क्रमाने लिहितो, कारण गावात काहीही बोलले जाते.
मी तारेखाली उभा राहिलो. दोन्ही हात वर केले. घसा फोडून अश्वजितला ओरडलो, "टेम्पो कमी कर! एकदम कमी!" त्याने मान हलवली, अंगठा दाखवला. आणि बटणांवर हात फिरवला.
गाडी तशीच येत होती. ड्रायव्हरने शेवटी तार पाहून स्वतःच ब्रेक मारला. कमी झाले ते गाणे. धडधड, धडधड होते ते धड... धड... झाले. मग त्यात हलगी आली. संथ. अगदी शाळेच्या मैदानावर गुरुजी वाजवायचे तशी.
पोरे बाजूला झाली. म्हणजे रस्ता मोकळा! तेवढ्यात रंगराव फाटकातून बाहेर आला. त्याचा उजवा पाय पुढे, डावा मागे, मग बसणे. लेझीमचा पहिला हात. लेझीम हातात नव्हती, उपरणे होते.
पहिले पाऊल रंगरावाने टाकले. हे मी शपथेवर लिहितो.
तो अर्धा ठेका मागे होता. साठ वर्षांत सुधारणा नाही. त्याला बरोबर काय ते दाखवावे म्हणून मी काठी दोन्ही हातांत धरली आणि चार हात करून दाखवले. दाखवण्यापुरते. मग पथकातले आणखी दोघे आले, त्यांना ओळ धरता येईना, म्हणून मी पुढे राहिलो. कोणी तरी पुढे राहावेच लागते.
मग बायका आल्या. या ठेक्यावर कोणालाही येते, हा दोष त्या ठेक्याचा. फास्ट गाण्यावर फक्त पोरे नाचतात, बाकीचे मंडपात बसून वाट पाहतात. काल मंडपात कोणीच उरले नाही. आचारी झारा घेऊन आला. लग्न लावणारे गुरुजी बोलवायला आले होते, तेही टाळी देऊ लागले. हरीओम घोडीवरून उतरला. मोठा गोल झाला. चारशे माणूस. मधे तार.
मला वेळेचे भान होते. मी दर थोड्या वेळाने अश्वजितला ओरडत होतो, "टेम्पो वाढव! टेम्पो पुढे घे!" तो लगेच वाढवायचा. गाडी जागची हलायची नाही. ठेका तेवढा चढायचा आणि लोक आणखी रंगात यायचे. मी म्हणायचो वाढव, तो वाढवायचा. असे सहा-सात वेळा झाले. म्हणजे माझ्याकडून प्रयत्नात कसर नव्हती.
नंतर मला चक्कर आली असे म्हणतात. चक्कर नव्हती. बसावेसे वाटले, तिथे खुर्ची नव्हती, म्हणून रस्त्यावर बसलो. मग आडवा झालो.
डोळे उघडले तेव्हा रंगरावाच्या ओसरीवर खाटेवर होतो. फेटा सोडलेला. डोक्यावर ओला पंचा, नाकाशी कांदा. रंगरावाची बायको रुपाबाई वारा घालत होती. लांबून मंगलाष्टकाचा आवाज आला. मी उठायला लागलो. रुपाबाई म्हणाली, "पडून राहा भाऊजी, पाय लटलट करून राह्यले." मग सगळीकडून शुभमंगल सावधान आणि टाळ्या.
भिंतीवरचे घड्याळ दोन वाजून पाच.
तीनच्या आत लागले. रंगरावाने मिशी काढायला हवी.

२२ एप्रिल, मंगळवार.
अश्वजित राहिलेली वायर न्यायला आला. खाटेजवळ बसला. फार खूश. म्हणे, "बाबा, पुण्यात दोन वर्षांत माह्यापुढं असं फ्लोअर भरलं नाही. एक माणूस बसलेला नव्हता. तुमी बरोबर जागी टेम्पो उतरवाले लावला. मी एकटा असतो त भ्यालो असतो."
मी विचारले, गाडी का नाही हलवली?
"गाडी कायले?"
मी म्हटले, टेम्पो वाढव, टेम्पो वाढव म्हणत होतो ना!
तो माझ्याकडे पाहत राहिला. मग अंगणातल्या निळ्या गाडीकडे पाहिले. मग पुन्हा माझ्याकडे. मग गालातल्या गालात हसला, मग जोरात. कस्तुराबाई आतून आली, काय झाले पाहायला. त्याने तिला सांगितले की गाण्याच्या वेगाला टेम्पो म्हणतात, एका मिनिटात किती ठोके ते मोजतात. नव्वद म्हणजे नव्वद ठोके. एकशे अठ्ठावीस म्हणजे ठोके.
कस्तुराबाई चुलीपाशी जाऊन बसली आणि तिला बराच वेळ पदर तोंडातून काढता आला नाही.
जगात दोन टेम्पो आहेत हे आधी सांगण्याची जबाबदारी जाणकाराची असते. आम्ही भाजी ज्यात घालून रिसोडला नेतो त्याला टेम्पो म्हणतात. मग आणखी कशाला म्हणायचे?
अश्वजित जाताना पाया पडला. हसतच पडला.

२४ एप्रिल, गुरुवार.
गावात व्हिडिओ फिरतो आहे. मी काठी फिरवताना. पाहिला. खांदे चांगले चालतात. पण व्हिडिओ दहा मिनिटांचा आहे आणि त्यात सलग मीच आहे, त्यामुळे गैरसमज होतो. मधे मी दोनदा थांबलो होतो. एकदा पाण्यासाठी.
दिनेश शेतात. वांगी तोडतो. मी म्हटले, लोक तर सगळे होते. तो म्हणाला, "होते ना बाबा. सगळे होते." आणि टोपले उचलून गेला.
पारावर रंगराव. मिशी जागेवर. म्हणे, "मी म्हटलं होतं तू लग्न लावलं त, अन् तू त आधीच पडला. पैज बाद." चार जण हसले. मग म्हणे, "माह्या नातवाचं लग्न मे महिन्यात आहे. तू येजो."
मी म्हटले, वरातीचे पाहायचे का?
"नाही गा. नाचाले येजो. वरातीचं दुसरं कोणी पाहीन."
विचार करून सांगतो म्हटले. त्या पथकाला पुढे कोणीतरी हवेच. पण ठेका मी सांगेन तोच.

२६ एप्रिल, शनिवार.
निश्चय: कोणाच्याच लग्नात जबाबदारी घेणार नाही. (दोनदा खाली रेघ ओढली.)
वैभवी उद्या माहेरी येते. तिला टाइमटेबल कुठे चुकले ते समजावून सांगायचे. मुख्य दोष तारेचा. मुद्दे कागदावर काढले. सात मुद्दे झाले. उद्या सकाळी लवकर उठून मेथी काढायची, तिला आवडते.

२७ एप्रिल, रविवार.
वैभवी आणि जावई आले. मी मुद्द्यांचा कागद घेऊन बसलो होतो. ती म्हणाली, "राहू द्या आबा. हे पाहा." मोबाइलवर लग्न लावले.
मंडप भरलेला. उभे राहायला जागा नाही. लांबचे, जवळचे, मानोऱ्याचे, आचारी सुद्धा. सगळे घामेजलेले आणि हसरे. अंतरपाट. मंगलाष्टके. अक्षता पाऊस पडल्यासारख्या. वैभवी मान वर करते. समोर पाहते. मग डावीकडे. मग टाचा उंचावून मागे.
मी विचारले, कोणाले पाहून राह्यली होती व?
तिने माझा मुद्द्यांचा कागद घडी करून ठेवला. हरीओमने चहा घेतला.
मी म्हटले, पुन्हा लाव. तिने लावले. या वेळी मी माणसे नीट पाहिली, एकेक. पुढची रांग, मग मागची. तिसऱ्यांदा मीच बोट लावून सुरू केले.
चारशे माणसांत मी नाही.
मेथी चांगली झाली होती. पोरीने दोनदा घेतली.